बाखचे संगीत जुन्या धाटणीच्या वाद्यांवरच वाजवण्याचा आग्रह कशासाठी?

आपला प्रश्न असा आहे की, युरोपातील काही छोटे वाद्यवृंद बाख, विवाल्डी, टेलेमान या अठराव्या शतकातील संगीतकारांच्या रचना त्या काळच्या धाटणीच्या वाद्यांवरच का वाजवतात, वाद्ये एवढी सुधारलेली असताना मागे जाण्यात काय हशील, आणि सामान्य श्रोत्याला त्यातला फरक कळतो का. फरक कळतो, आणि त्यासाठी कान खास तयार असावा लागत नाही. वाद्ये सुधारली हे गृहीतक मात्र मला तपासून पाहावेसे वाटते. एकोणिसाव्या शतकात सभागृहे मोठी झाली, तसा वाद्यांचा आवाज वाढवावा लागला. तो वाढवताना प्रत्येक वाद्य आपापल्या परीने बदलत गेले आणि त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण बिघडले. सात-आठ वादकांसाठी लिहिलेल्या संगीतात या प्रमाणावर फार मोठी भिस्त असते.

बाखने २४ मार्च १७२१ रोजी ब्रांडेनबुर्गच्या मार्ग्राफला, म्हणजे त्या उपाधीच्या जर्मन सरदाराला, अर्पण केलेल्या सहा कॉन्चेर्टोंपैकी, म्हणजे प्रमुख वाद्ये आणि साथीचा संच यांच्यासाठीच्या रचनांपैकी, दुसरा घ्या. त्यात ट्रम्पेट, रेकॉर्डर, ओबो (सनईच्या जातीचे फुंकवाद्य) आणि व्हायोलिन ही चार वाद्ये बरोबरीच्या नात्याने पुढे येतात, एकाची सुरावट दुसरा उचलतो आणि तिसऱ्याकडे सोपवतो. रेकॉर्डर म्हणजे तोंडाशी सरळ धरायची लाकडी बासरी, तिचा आवाज मुळातच नाजूक. आजच्या ट्रम्पेटपुढे ती कशी टिकणार, असे कोणालाही वाटेल, आणि आधुनिक वाद्यांवरच्या कित्येक ध्वनिमुद्रणांत ती खरोखरच टिकत नाही, किंवा मायक्रोफोन जवळ ठेवून तिला टिकवावे लागते. बाखच्या काळच्या ट्रम्पेटला झडपा, म्हणजे आजच्यासारख्या दाबायच्या कळा नव्हत्या. लांब नळीतून फक्त ओठांच्या ताणावर जे नैसर्गिक स्वर निघतात, तेवढेच तिला उपलब्ध होते. हे स्वर खाली एकमेकांपासून दूर आणि वर गेल्यावर जवळजवळ असतात, म्हणून चाल वाजवायची तर वादकाला वरच्या टोकालाच राहावे लागते. तिथे पट्टीचा वादक हे वाद्य आश्चर्य वाटावे इतके मऊ वाजवू शकतो. तेव्हा रेकॉर्डर ऐकू येते, तेही धडपड न करता. बाखचा हिशेब चुकला नव्हता, हे त्या क्षणी पटते.

व्हायोलिनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. स्ट्राडिवारी या प्रसिद्ध इटालियन कारागिराचे वाद्य म्हणून आज जे ऐकवले जाते, त्याची मान बहुतेक वेळा पुढच्या काळात बदलून लांब आणि मागे कललेली केलेली असते, आतला आधाराचा दांडा जाड केलेला असतो आणि तारांचा ताण वाढवलेला असतो. म्हणजे लाकूड तीनशे वर्षांपूर्वीचे, पण घडण नंतरची. उलट बरोक, म्हणजे बाखच्या काळच्या धाटणीच्या, संचातील व्हायोलिन कदाचित पाच वर्षांपूर्वी तयार झालेले असेल, पण त्याची घडण बाखला ओळखीची वाटली असती. त्याला हनुवटी टेकायचा आधार नसतो, गज आखूड आणि जवळपास सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेला असतो, आणि तारा आतड्याच्या, म्हणजे तातीच्या असतात. ज्यांनी सारंगी जवळून ऐकली आहे, त्यांना तातीचा आवाज वेगळा समजावून सांगायला नको. गज लागताना येणारी ती किंचित खरखर आणि तिच्यामागून उमलणारा स्वर इथेही तसाच येतो. त्या गजाचा जोर मुठीकडे असतो आणि टोकाकडे आपोआप हलका होत जातो, त्यामुळे एकसंध लांब रेघ ओढण्यापेक्षा स्वर बोलल्यासारखे सुटे उच्चारणे त्याला सोपे जाते. त्या काळातील रचनांतील छोटे छोटे वाक्यखंड याच हातवळणातून आले आहेत, असे माझे ठाम मत आहे. आधुनिक गजाने ते वाजवता येतात, पण तिथे वादकाला गजाच्या स्वभावाविरुद्ध जावे लागते.

माझ्या जर्मनीतील वास्तव्यात अशा संचांच्या मैफली ऐकण्याचा योग अनेकदा आला, आणि जमले तर मी पुढच्या रांगेत बसत असे, कारण यातले बरेच काही पाहण्यासारखे असते. चेलो, म्हणजे बसून वाजवायचे व्हायोलिनच्या घराण्यातील मोठे वाद्य, वाजवणारा वाद्याखाली टोकदार दांडी न लावता ते दोन्ही पोटऱ्यांमध्ये धरून बसतो. सभागृह भरले आणि हवा थोडी दमट झाली की तातींचा सूर हलतो, म्हणून दोन रचनांच्या मध्ये पुन्हा पुन्हा खुंट्या पिळणे चालूच राहते, आणि श्रोतेही ते शांतपणे ऐकून घेतात. हार्प्सिकॉर्ड, म्हणजे तारा छेडून वाजणारे पियानोच्या आधीचे वाद्य, वाजवणाऱ्याच्या पुढ्यातील कागदावर खालच्या स्वरांची एकच ओळ आणि तिच्यावर किंवा खाली काही आकडे असतात. त्या आकड्यांवरून वरची स्वरसंगती तो तिथल्या तिथे रचतो, आणि गायक किंवा व्हायोलिनवादक जरा थांबला तर आपणही भरणा कमी करतो. ही उपज लिहून ठेवलेली नसते.

एक खुलासा इथेच केलेला बरा. हे संच भूतकाळ जसाच्या तसा उभा करत नाहीत. बहुतेक संच ‘ए’ हा स्वर ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे आपल्या भाषेत त्यांची पांढरी सहा आजच्या काळी चारवर बसते. परंतु त्या काळी गावोगावी पट्टी वेगळी असे. ४१५ हा आजच्या ४४० पेक्षा बरोबर अर्धा स्वर खाली येतो आणि हार्प्सिकॉर्डचा कळफलक एक घर सरकवला की दोन्हीकडे चालते, म्हणून सोयीने ठरलेला हा आकडा आहे. तसेच आजच्या अनेक ‘बरोक’ ट्रम्पेटना बेसूर निघणारे स्वर ताळ्यावर आणण्यासाठी बारीक छिद्रे पाडलेली असतात, ती विसाव्या शतकातली. मला या तडजोडी खटकत नाहीत. खटकतो तो ‘अस्सल’ असा शिक्का, आणि चांगले वादक तो स्वतःहून मारतही नाहीत.

या चळवळीच्या अग्रभागी असलेल्या संचांपैकी व्हिएन्नाचा ‘कॉन्त्सेन्टुस म्युझिकुस’ मला विशेष महत्त्वाचा वाटतो. निकोलाउस हार्नोनकोर्ट आणि त्यांच्या पत्नी आलिस यांनी १९५३ मध्ये तो स्थापन केला. हार्नोनकोर्ट तेव्हा व्हिएन्ना सिंफनी ऑर्केस्ट्रात चेलो वाजवत होते, म्हणजे पोटापाण्याला आधुनिक वाद्य आणि उरलेल्या वेळात जुने. पहिला जाहीर कार्यक्रम त्यांनी १९५७ मध्ये केला. तोवरची चार वर्षे वाद्ये मिळवणे, ती हाताळायला शिकणे आणि क्वान्त्स, लेओपोल्ड मोझार्ट यांच्यासारख्यांनी अठराव्या शतकात लिहिलेले वादनाचे ग्रंथ वाचून ते प्रत्यक्ष बोटांनी पडताळणे यात गेली. ही सबुरी मला वाद्यांइतकीच मोलाची वाटते. केवळ तात चढवून वाजवायची पद्धत जुनी होत नाही, आणि अशी घाईची ध्वनिमुद्रणेही बाजारात पुष्कळ आहेत.

आपल्याला सुरुवात करायची असेल, तर दुसऱ्याऐवजी पाचव्या कॉन्चेर्टोपासून करावी असे मी सुचवेन. त्यात आडवी बासरी, व्हायोलिन आणि हार्प्सिकॉर्ड ही तीन प्रमुख वाद्ये आहेत. पहिल्या भागाच्या शेवटाकडे इतर सारे थांबतात आणि हार्प्सिकॉर्ड एकट्याने पासष्ट मात्राखंड वाजवते, एरवी मागे राहून साथ करणाऱ्या वाद्याला त्या काळात इतका अवकाश देणे ही मोठीच गोष्ट होती. आधी आधुनिक वाद्यांवरचे एखादे मोठ्या वाद्यवृंदाचे जुने ध्वनिमुद्रण ऐका, मग प्रत्येक वाद्याच्या ओळीला एकच वादक असलेल्या बरोक संचाचे ऐका. या एकल भागापेक्षाही त्याच्या आधीच्या मिनिटांकडे लक्ष द्या, जिथे तिन्ही वाद्ये एकत्र वाजत असतात. तिथे हार्प्सिकॉर्डचा डावा हात आणि लाकडी बासरीचे खालचे स्वर आपल्याला सुटे सुटे ऐकू आले, तर त्यानंतर सहावा कॉन्चेर्टो ऐका. त्यात व्हायोलिन अजिबात नाही, दोन व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, खालच्या सुराचे वाद्य) आणि दोन व्हिओला दा गाम्बा (पायांमध्ये धरून गजाने वाजवायचे जुने तंतुवाद्य) आहेत, आणि गाम्बांचा तो झाकलेला आवाज आधुनिक वाद्यांत कुठेच सापडत नाही.