जुन्या क्लबच्या मॅचला उभी राहा

चि. मुली,

जुन्या क्लबच्या सॉफ्टबॉल मॅचला अंपायर म्हणून उभी राहू की नको, असं विचारलंस. विरोधात निकाल गेला तर मैत्रिणी बोलणं टाकतील, बाजूने गेला तर समोरचे पक्षपात म्हणतील. दोन्ही होईल. तरी उभी राहा. पाहिलंस तेच द्यायचं.

बेसबॉलमधला हँक ओ’डे शिकागोचा. १८८९ साली न्यूयॉर्क जायंट्स संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणून ब्रुकलिनविरुद्धच्या अजिंक्यपद मालिकेत त्याने दोन सामने जिंकून दिले. पुढे अंपायर झाला. ४ सप्टेंबर १९०८ ला पिट्सबर्गमध्ये शिकागो कब्ज संघाचा खेळाडू जॉनी एव्हर्स त्याच्याशी भांडला: विजयी धाव निघाली, पण पहिल्या बेसवरचा रनर दुसऱ्या बेसला पाय न लावताच वळला, म्हणजे तो आउट आणि धाव रद्द. नियम एव्हर्सच्या बाजूचा होता. पण ओ’डेने पाहिलं नव्हतं. आउट दिलं नाही.

एकोणीस दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा एव्हर्स, पुन्हा तेच. नवव्या डावात जायंट्सची विजयी धाव निघाली, प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्यांचा पहिल्या बेसवरचा १९ वर्षांचा फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसला न जाताच क्लबहाउसकडे पळाला. बेसवरचा अंपायर बॉब एम्सली चेंडू चुकवायला खाली पडला होता. तोही जुना पिचरच. मी पाहिलं नाही, म्हणाला. हे म्हणायलाही छाती लागते! ओ’डेने मात्र या वेळी पाहिलं होतं. मर्कल आउट, सामना १-१ बरोबरीत. ८ ऑक्टोबरला तो पुन्हा खेळवला, कब्ज जिंकले आणि जायंट्सचं लीग विजेतेपद गेलं. ज्यांना त्याने स्वतः मालिका जिंकून दिली होती, तेच जायंट्स.

तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ हे मला परत विचारू नकोस. मीसुद्धा माझ्या जुन्या संघाविरुद्ध फायनलचा शेवटचा आउट दिलाय. कॅप्टन माझा जिवलग, त्याने घरी येणं सोडलं. मैत्री गेली याचं वाईट वाटतं, आजही वाटतं. पण चेंडू आधी पोचला होता, पाय नंतर. मी पाहिलं होतं. मग दुसरं काय द्यायला हवं होतं मी? हट्टी म्हणाले, म्हणू देत.

शनिवारी मैत्रिणींच्या डगआउटकडे, म्हणजे खेळाडू बसतात तिकडे, गप्पांना जाऊ नकोस. जवळचा कोन घे, पायाकडे बघ, चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज ऐक. दिसलं नाही तर जोडीदाराला विचार. त्यालाही दिसलं नसेल तर कुणी कितीही ओरडू दे, द्यायचं नाही. रात्री फोन कर.

तुझा,
सर