व्हेनिसचा दंड: आधी हॉटेलचे बिल काढा

प्रश्न : मे 2025 मध्ये आम्ही दोघे तीन दिवस व्हेनिसला जाऊन आलो. हॉटेल व्हेनिसजवळच्या मेस्त्रेला होते. शनिवारी सकाळी सांता लुचिया स्टेशनबाहेर तपासनिसांनी शहराच्या प्रवेशशुल्काचा क्यूआर कोड मागितला, तो आमच्याकडे नव्हता. दोघांच्या नावे वेगवेगळा दंड लावला. 60 दिवसांत माणशी 100 युरो आणि प्रवेशशुल्क भरा, असे कागदावर आहे. ट्रॅव्हल एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर 'सगळे सिटी टॅक्स धरून' असे लिहून दिले होते. आता तो हात वर करतो. दंड भरून मोकळे व्हावे का? नाही भरला तर पुढचा शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक) व्हिसा अडेल का?

उत्तर : लगेच भरू नका. 'आधी भरू, मग भांडू' हे इथे चालत नाही. इटलीच्या 1981 च्या 689 क्रमांकाच्या कायद्यानुसार ही 100 युरोंची सवलतीची रक्कम भरली की प्रकरण मिटले. मग दाद मागता येत नाही. मूळ दंड 50 ते 300 युरो आहे. किमान दंडाची दुप्पट किंवा कमाल दंडाचा तिसरा हिस्सा, यांतली कमी असेल ती रक्कम 60 दिवसांत भरायची सोय आहे. दोन्ही हिशेबांनी 100 च येतात.

आता हॉटेलचे बिल काढा, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. गर्दीच्या ठरावीक दिवशी (2025 मध्ये असे 54 दिवस होते) सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत व्हेनिसमध्ये शिरणाऱ्या दिवसभराच्या पाहुण्यांना प्रवेशशुल्क आहे. आधी भरले तर 5 युरो, ऐनवेळी 10. व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, आणि मेस्त्रे त्याच हद्दीत येते. पण 'मेस्त्रेजवळ' म्हणून विकलेले हॉटेल मोल्यानो व्हेनेतोसारख्या शेजारच्या गावात असू शकते, आणि तिथली पालिका वेगळी. म्हणून बिलावरचा पत्ता वाचा, आणि 'इम्पोस्ता दि सोज्जोर्नो', म्हणजे मुक्कामाचा कर, कोणत्या पालिकेचा लावला आहे तेही पाहा.

पत्ता व्हेनिस पालिकेतला असेल तर दंडाच्या कागदावर दिलेल्या कार्यालयाला 30 दिवसांच्या आत लेखी म्हणणे पाठवा. दोघांचे वेगवेगळे, सहीचे, सोबत बिलाची आणि पासपोर्टची प्रत. एक कच्चा दुवा मात्र सांगतो : माफी असणाऱ्यांनीही आधी नोंद करून कोड घ्यायचा असतो, तो तुम्ही घेतला नाही. त्यामुळे म्हणणे मान्य होईलच असे नाही. फेटाळले तर दंड 300 पर्यंत जाऊ शकतो. त्या आदेशाविरुद्ध परदेशी रहिवाशाला 60 दिवसांत तिथल्या कोर्टात जाता येते, पण वकिलाची फी दंडाहून जास्त होईल. मी तुमच्या जागी असतो तर लेखी म्हणण्यापर्यंत जाऊन थांबलो असतो. आणि हॉटेल हद्दीबाहेर निघाले, तर वाद न घालता मुदतीत 100 भरून टाका.

व्हिसाची भीती बरीचशी अनाठायी आहे. हा प्रशासकीय दंड आहे, गुन्ह्याची शिक्षा नव्हे. भारतात त्याची वसुलीही होणार नाही : परदेशी कोर्टांचे हुकूम इथे अमलात आणण्यासाठी असलेल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ मधून दंडाच्या रकमा वगळलेल्याच आहेत. तरी कागद केराच्या टोपलीत टाकू नका. इटलीत ही येणी पाच वर्षे जिवंत राहतात, आणि तुमचा पुन्हा जायचा बेत दिसतो.

खरी पकड एजंटवर आहे. मुक्कामाचा कर त्याने भरला असेलही. पण पैसे घेऊन 'सगळे सिटी टॅक्स धरून' असे लिहून देणाऱ्याने कोडची नोंद करायची किंवा निदान तुम्हाला तसे सांगायचे. ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतली त्रुटी ठरू शकते. त्याला 15 दिवसांची नोटीस द्या. उत्तर आले नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्याच्या ऑफिसच्या गावी जायची गरज नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. दंडाची रक्कम, भरताना बँकेने कापलेले पैसे आणि मनस्तापाची भरपाई एकाच तक्रारीत मागा. तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश मात्र आजच तारीख आणि नंबर दिसेल असा जपून ठेवा, फोन बदलायच्या आत.