सरबाजी केली, व्हिसा गेला

प्रश्न : माझा भाचा टोरंटोत नोकरी करतो. त्याच्या इराणी सहकाऱ्याला अमेरिकेच्या सीमेवरून परत पाठवलं. का, तर वीस वर्षांपूर्वी त्यानं रिव्होल्यूशनरी गार्डमध्ये, म्हणजे इराणच्या नियमित सैन्याहून वेगळ्या सरकारी फौजेत, सक्तीची सेवा केली होती. सरकारी फौजेतला माणूस दहशतवादी कसा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मी पुण्यात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचे तेव्हा वर्गात दोन-तीन इराणी मुलं असायचीच. त्यांतला एक वयानं जरा मोठा होता. ‘सैन्यात काय केलंस?’ विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, मुदपाकखान्यात कांदे सोलले.’

इराणी मुलग्यांना लष्करी सेवा सक्तीची. तिला ते ‘सरबाजी’ म्हणतात. नियमित सैन्यात जायचं की गार्डमध्ये, म्हणजे ‘सिपाह’मध्ये, हे वरून ठरतं. सेवा पुरी झाल्याच्या कार्डाशिवाय सहसा पासपोर्ट मिळत नाही. म्हणजे कार्ड नसेल तर देश सोडता येत नाही, आणि कार्डावर सिपाह असेल तर अमेरिकेत शिरता येत नाही!

आता तुमचा ‘कसा?’. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यातल्या एका कलमाखाली तिथलं सरकार परकीय दहशतवादी संघटनांची यादी करतं. त्या कलमात नुसतं ‘परकीय संघटना’ म्हटलंय. ती सरकारी नसावी, अशी अट नाही. पण दुसऱ्या देशाच्या फौजेला हे कलम २०१९ पर्यंत कुणी लावलं नव्हतं. सिपाहच्या कुद्स फोर्सवर (परदेशातल्या कारवाया करणाऱ्या शाखेवर) २००७ मध्ये आणि सगळ्या सिपाहवर २०१७ मध्ये आर्थिक निर्बंध आलेच होते. १५ एप्रिल २०१९ ला दहशतवादी संघटनांच्या या यादीत सिपाहचं नाव चढलं, तेव्हा भर पडली ती मदत करणाऱ्यांवरच्या फौजदारी खटल्यांची आणि प्रवेशबंदीची. सिपाहचे सेनापती काही व्हिसाच्या रांगेत उभे राहत नाहीत. अडकले कांदे सोलणारे. (इराणनंही लगोलग पश्चिम आशियातलं अमेरिकी सैन्य सांभाळणाऱ्या सेंट्रल कमांडला दहशतवादी ठरवून फिट्टंफाट केली.)

सिपाह निष्पाप आहे, असं मी म्हणत नाही. ८ जानेवारी २०२० ला तिनं तेहरानजवळ युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं. १७६ माणसं गेली. त्यांतली बरीच कॅनडाला निघाली होती. कॅनडानं जून २०२४ मध्ये सिपाहला आपल्या दहशतवादी संघटनांच्या यादीत घातलं, ते तिथल्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षं लावून धरलं म्हणून. त्यांचा राग मला समजतो. पण सक्तीनं भरती झालेल्यांना सरसकट सूट द्यायला काय हरकत होती? तसा अधिकार अमेरिकेच्या मंत्र्यांना कायद्यानंच दिलाय.

भाच्याच्या सहकाऱ्याला सांगा, पुन्हा सीमेवर जाण्याआधी त्या कार्डाचं इंग्रजी भाषांतर घेऊन इमिग्रेशनच्या वकिलाला भेट. आणि अर्जात सरबाजी लपवू नकोस. खोटं सापडलं, तर तेवढ्यावरूनही जन्मभराची बंदी येऊ शकते.