तुळशीखालची ताटली

पत्र : "आम्ही सिंगापूरमध्ये सेंगकांगला राहतो. सासूबाई दोन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या आहेत. शेजारच्या मलय आंटींना डेंग्यू झाला, इमारतीखाली लाल फलक लागला आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना आमच्या तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत डासांच्या अळ्या सापडल्या. २०० डॉलर दंड झाला. तुळस आम्हीच चार वर्षांपूर्वी लावली, पण हल्ली पाणी सासूबाई घालत होत्या. यजमान रागाने त्यांना म्हणाले, 'तुझ्या तुळशीपायी हे झालं.' तेव्हापासून त्या कामापुरतंच बोलतात आणि तुळशीकडे फिरकतही नाहीत. आंटींच्या आजाराला आम्हीच कारण असू का, या विचाराने मला झोप लागत नाही. सासूबाईंना २०१९ मध्ये पुण्यात डेंग्यू होऊन गेला आहे, म्हणून त्यांना लगेच परत पाठवावे, असे यजमानांचे मत आहे. मी काय करू?"

उत्तर :

प्रिय भगिनी,

आधी तुमच्या झोपेविषयी बोलते. ताटलीत सापडलेल्या अळ्या अजून पाण्यातच होत्या. त्या कोणाला चावलेल्या नाहीत. एडिस डास डेंग्यूच्या रुग्णाला चावल्यानंतर त्याच्या शरीरात विषाणू वाढायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात आणि मगच तो दुसऱ्याला आजार देऊ शकतो. त्यानंतरही माणसाला ताप यायला ४ ते १० दिवस जातात. त्याआधी त्याच ताटलीतून डास उडून गेले असतील का, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण लाल फलक लागतो तो परिसरात १० किंवा अधिक रुग्ण आढळल्यावर. म्हणजे आंटी एकट्या आजारी नाहीत आणि एवढ्या सगळ्यांच्या आजाराचा उगम एका ताटलीत शोधणे न्यायाचे नाही. २०२० साली सुमारे ५७ लाख वस्ती असलेल्या या देशात डेंग्यूचे ३५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, तेही घरोघरी तपासणी आणि दंडाची शिस्त असताना. निष्काळजीपणा झाला, त्याचा दंड तुम्ही भरलात. अपराधाचे ओझे त्यापुढे वाहू नका.

आता सासूबाईंविषयी, कारण माझ्या मते पत्रातली खरी जखम ही आहे. कुंडी तुमची, ताटली तुमची आणि तिथला नियम माहीत असलेले घरातले लोकही तुम्हीच. वीस सेंटच्या नाण्याएवढ्या पाण्यातही हा डास अंडी घालतो, असे तिथे सर्वत्र बजावले जाते. ते आल्या दिवशी सासूबाईंना कोणी सांगितले होते का? परक्या देशात ज्या बाईला ना भाषा येते ना रस्ते ठाऊक असतात, तिला सकाळी तुळशीला पाणी घालणे हे एकच काम आपले वाटत असते. नेमके तेच काम तिच्या माथी दोष म्हणून मारले गेले. त्यामुळे माफी मागायला हवी ती तुमच्या यजमानांनी, स्वतः, आईसमोर बसून. तुम्ही मध्यस्थी करून त्यांच्या वतीने चार गोड शब्द बोललात तर घरात तात्पुरती शांतता होईल, पण मुलाच्या तोंडून गेलेला शब्द सुनेला परत घेता येत नाही.

त्यांना परत पाठवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. डेंग्यूच्या भीतीने पुण्याला पाठवणे हा उपाय नव्हे, कारण पावसाळ्यात आणि त्यानंतर पुण्यातही डेंग्यूचे रुग्ण वाढतातच. शिवाय आज त्या गेल्या, तर हाकलून दिल्याची भावना जन्मभर मनात राहील. यजमानांची काळजी मात्र निराधार नाही. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेलेल्या प्रकारापासून संरक्षण मिळते, पण दुसऱ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणून त्यांना ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि २०१९ चा आजार डॉक्टरांना आवर्जून सांगा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉलखेरीज वेदनाशामक देऊ नका. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला की आपण निर्धास्त होतो, पण धोक्याचे दिवस बहुधा तेव्हाच सुरू होतात. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण मरगळ दिसली, तर पपईच्या पानांच्या रसावर विसंबून न राहता थेट रुग्णालय गाठा. त्यांचा प्रवासविमा आजच काढून वाचा, कारण पाहुण्यांना तिथल्या नागरिकांसारखी उपचारांत सवलत मिळत नाही.

घरात काय करायचे, हे सासूबाईंनाच विचारा. पुण्यात राहणाऱ्या बाईला 'कोरडा दिवस', म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवणे, समजावून सांगावा लागत नाही. तोच सेंगकांगच्या घरात पाळा आणि तो ठरवण्याचा मान त्यांना द्या. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही; ताटली, मनीप्लांटची बाटली, बादल्या घासूनच काढाव्या लागतात. खिडकीबाहेर कपड्यांचे बांबू अडकवण्याच्या नळ्यांना टोपणे आहेत ना, हे तुम्ही पाहा. त्या जागेची पुण्याहून आलेल्या माणसाला कल्पना नसते. हा डास दिवसा चावतो, म्हणून डास पळवणारे मलम सकाळी बाहेर पडतानाच लावा.

तुळशीखालची ताटली काढून टाका. पाणी थोडेच घाला आणि खाली सांडलेले लगेच पुसा. यजमानांनी आईची माफी मागितली की पहिला तांब्या सासूबाईंच्या हातून घालून घ्या.

आंटींकडे दोघी मिळून जा. त्या मुसलमान असतील तर मांस टाळून केलेला साधा मऊ भात आणि वरण न्या, पण आधी विचारून. अळ्या सापडल्याचे त्यांना स्वतःहून सांगा; तपासणीची बातमी मजल्यावर पोचलेलीच असेल, ती तुमच्या तोंडून ऐकणे त्यांना बरे वाटेल. ताप असेपर्यंत मलम त्यांनीही लावायला हवे, म्हणजे त्यांना चावून डास पुढे आजार नेणार नाहीत. एक ट्यूब सोबत घेऊन जा.