बर्फाच्या कारखान्याचे मीठ विहिरीत उतरले, तर

प्रश्न: काटोल रस्त्यालगत, नागपूर शहराच्या हद्दीबाहेर, आमची सव्वा एकर जागा असून तीत राहते घर, जुनी विहीर आणि संत्र्याची झाडे आहेत. कुंपणापलीकडे बर्फाचा कारखाना आहे. हिवाळ्यात मागणी मंदावली की तिथले लोक टाकी रिकामी करून तिच्यातले खारे पाणी आमच्या कुंपणालगतच्या कच्च्या चरात सोडतात. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून विहिरीचे पाणी मचूळ लागते आणि संत्र्याची पाने टोकाकडून करपत आहेत. पाणी तपासले असता क्लोराइड लिटरमागे ७८० मिलिग्रॅम निघाले. २०१६ साली शेतीसाठी केलेल्या तपासणीत ते ६४ होते. रस्त्यापलीकडच्या हातपंपाचे पाणीही आता चवीला बदलले आहे. मालक म्हणतात की हे प्रमाण मर्यादेत आहे आणि कारखाना पस्तीस वर्षे जुना आहे. तरीही ते रोज एक टँकर देण्यास तयार आहेत. त्याबदल्यात पाचशेच्या मुद्रांकावर ‘यापुढे कोणतीही तक्रार किंवा दावा करणार नाही’ असे लिहून मागतात. एका रात्री चरातले पाणी मी बाटलीत भरून ठेवले आहे. सही करावी का?

उत्तर: त्या मसुद्यावर सही करू नये. टँकर घेण्यास हरकत नाही, तो कोणत्या शब्दांत घ्यावा हे पुढे सांगतो. परंतु आपल्या हातातला वेळ त्या कागदापेक्षा पुराव्यावर खर्च व्हायला हवा, कारण टाकी रिकामी करण्याचा हंगाम पुन्हा तोंडावर आला आहे.

बर्फाच्या लाद्या तयार होतात त्या गोड्या पाण्याच्या डब्यांत, आणि हे डबे मिठाच्या किंवा कॅल्शियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणाच्या टाकीत बुडवलेले असतात. अमोनियाच्या यंत्रणेने ते द्रावण शून्याच्या बरेच खाली नेले जाते आणि क्षार असल्यामुळेच ते स्वतः गोठत नाही. हे द्रावण वर्षानुवर्षे वापरता येते. ते फेकून देणे ही धंद्याची अपरिहार्य गरज नव्हे, ही गोष्ट सुनावणीत आपल्या फार उपयोगाची आहे. एकदा जमिनीत गेलेले क्लोराइड मातीत अडत नाही, त्याचे विघटनही होत नाही. पाणी जाईल तिकडे ते जाते. थंड देशांत रस्त्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून टाकलेल्या मिठाने आणि त्या मिठाच्या उघड्या साठ्यांनी आजूबाजूच्या विहिरी खाऱ्या झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. काटोलकडचा आपला भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा असल्याने वरचा मुरूम आणि खालच्या भेगा यांतून चरातले पाणी उथळ विहिरीपर्यंत पोहोचणे अगदी शक्य आहे. मात्र ‘शक्य आहे’ एवढ्यावर निकाल लागत नाही.

‘प्रमाण मर्यादेत आहे’ हा युक्तिवाद अर्धवट वाचनातून आलेला आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. १००० हा आकडा केवळ दुसरा स्रोत उपलब्ध नसताना चालवून घेण्याचा आहे. शिवाय शेजाऱ्याचे पाणी एका विशिष्ट आकड्यापर्यंत बिघडवण्याची मुभा हे मानक कोणाला देत नाही. विचार ६४ चे ७८० कसे झाले याचा व्हायला हवा आणि म्हणून २०१६ चा तो अहवाल आज आपल्याजवळचा सर्वांत मोलाचा कागद आहे. त्याची मूळ प्रत कोणालाही, वकिलालासुद्धा, पोच घेतल्याशिवाय देऊ नये.

पस्तीस वर्षांच्या मुद्द्याला मात्र कायद्यातूनच नेमके उत्तर द्यावे लागेल. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ (एकाच्या जमिनीवर दुसऱ्याला असणाऱ्या हक्कांचा कायदा) हा आरंभी ज्या थोड्या प्रदेशांना लागू झाला त्यांत आपला मध्य प्रांत होता. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला, म्हणजे या बाबतीत नागपूर मुंबईच्या पुढे होते. त्याच्या कलम ७ खालच्या उदाहरणांत, आपल्या जमिनीतून वाहणारे किंवा झिरपणारे पाणी तिथे पोहोचण्यापूर्वी इतरांनी अवाजवी दूषित करू नये, हा प्रत्येक जमीनमालकाचा स्वाभाविक हक्क म्हणून नोंदवलेला आहे. दीर्घ वहिवाटीने पाणी दूषित करण्याचा अधिकार मिळवण्याची कल्पना कलम १५ मध्ये आहे हे खरे. परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार त्यासाठी लागणारी वीस वर्षांची मुदत कारखाना सुरू झाल्यापासून मोजायची नसून, दूषितीकरणाने शेजारच्या मालमत्तेला जाणवण्याजोगी बाधा प्रथम झाली तेव्हापासून मोजायची आहे. २०१६ मध्ये आपले पाणी चांगले होते. तेव्हा वीस वर्षांचा प्रश्नच उरत नाही, आणि जे कृत्य पुढे एका स्वतंत्र कायद्याने निषिद्ध केले त्याचा हक्क वहिवाटीने मिळतो असे म्हणणे तर अधिकच अवघड आहे.

तो स्वतंत्र कायदा म्हणजे जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४. त्याच्या कलम २४ नुसार दूषित करणारे द्रव्य जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडण्यास मनाई आहे, आणि ‘प्रवाह’ या संज्ञेत भूगर्भातील पाण्याचाही समावेश आहे. कलम २५ नुसार सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगाला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. केंद्रीय मंडळाने २०१६ मध्ये केलेल्या वर्गवारीत शीतगृहे आणि बर्फाचे कारखाने हरित, म्हणजे कमी प्रदूषणाच्या, वर्गात होते. त्यामुळे ‘आम्हाला संमतीची गरज नाही’ असे आपल्याला ऐकवले जाईल, पण हरित वर्ग म्हणजे संमतीतून सूट नव्हे. या कारखान्याचे संमतिपत्र आहे का, त्यात सांडपाण्याविषयी कोणत्या अटी आहेत आणि टाकीतल्या द्रावणाचा त्यात उल्लेख तरी आहे का, हे माहितीच्या अधिकारात मंडळाच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयाकडे दहा रुपयांचे शुल्क भरून विचारावे. उत्तराची मुदत तीस दिवस आहे, म्हणून हा अर्ज आजच टाकावा. संमतिपत्रात द्रावणाचा उल्लेखच नसेल, तर आपले निम्मे काम तिथेच झाले असे मी मानतो.

आता ती बाटली. आपला हेतू समजतो, परंतु तिचा आधार घेऊ नये. कोणी, केव्हा, कोणत्या जागेवरून ती भरली याला आपल्याशिवाय साक्षीदार नाही, आणि रात्री दुसऱ्याच्या हद्दीत शिरल्याचा उलट आरोप ओढवून घेण्यात काही मिळकत नाही. सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे घ्यावा लागतो: ताबेदाराला तिथल्या तिथे नोटीस, नमुन्याचे दोन भाग, दोन्ही मोहोरबंद आणि त्यांवर दोघांच्या सह्या. हा क्रम चुकला तर त्या विश्लेषणाचा अहवाल पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही, आणि कित्येक चांगली प्रकरणे इथेच सांडली आहेत. म्हणून टाकी साधारण कोणत्या आठवड्यात रिकामी होते हे लिहून, त्या दिवशीच पाहणी व्हावी अशी विनंती करणारा तक्रारअर्ज मंडळाला आताच द्यावा आणि पोचेचा शिक्का घ्यावा. चराची छायाचित्रे आणि चित्रफिती आपल्या कुंपणाच्या आतून काढाव्यात; त्या पुराव्यात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते, तेव्हा ज्या फोनने त्या काढल्या तो विकू किंवा बदलू नका.

आपल्या स्वतःच्या विहिरीचे पाणी मात्र आपण मोकळेपणाने तपासून घ्यावे. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच दोन पंचांसमक्ष नमुना घेतला जावा, आणि नुसते क्लोराइड न पाहता सोडियम, कॅल्शियम, एकूण क्षार, नायट्रेट व जंतू असा संपूर्ण अहवाल मागावा. याचे कारण असे की विरुद्ध बाजू हमखास सांगेल की हा दोष आपल्याच घरच्या शोषखड्ड्याचा आहे. सांडपाण्याने विहीर बिघडते तेव्हा क्लोराइडबरोबर सहसा नायट्रेट आणि जंतूही वाढलेले दिसतात. ते जुन्या पातळीवर राहून क्लोराइड तेवढे बारापट झाले असेल, तर बोट शोषखड्ड्याकडून टाकीकडे वळते. कारखान्याच्या दाराशी पडणाऱ्या रिकाम्या पोत्यांवर मीठ लिहिले आहे की कॅल्शियम क्लोराइड, हे रस्त्यावरूनही दिसते. त्याच्याशी अहवालातले सोडियम किंवा कॅल्शियम जुळवून पाहावे. हातपंपाचाही नमुना याच वेळी ग्रामपंचायतीच्या पत्रासह घेतला जावा. संत्र्याचे झाड क्षारांना फार हळवे असते हे आपणास सांगायला नको, पण पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला ते तज्ज्ञाच्या कागदावरूनच सांगावे लागेल. अमरावती रस्त्यावरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे करपलेल्या आणि निरोगी अशा दोन्ही पानांच्या पृथक्करणाविषयी चौकशी करावी.

दावा कुठे लावावा, हा आपला खरा प्रश्न. दिवाणी न्यायालयाकडे जाण्याचा मोह स्वाभाविक आहे, परंतु राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम २९ ने न्यायाधिकरणाच्या कक्षेत येणारे विषय दिवाणी न्यायालयाकडून काढून घेतले आहेत. तिथे पहिली दोन वर्षे अधिकारकक्षेच्या वादातच जातील. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. कलम १४ खालच्या अर्जाची मुदत कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिने असून फार तर आणखी साठ दिवस मिळतात. आपले कारण गेल्या वर्षीच्या एप्रिलचे, म्हणून तो मार्ग जवळजवळ बंद आहे. दर हिवाळ्याला नवे कारण उद्भवते असा युक्तिवाद करता येईल, पण ‘प्रथम’ या शब्दापुढे मी त्यावर विसंबणार नाही. कलम १५ मात्र उघडे आहे. प्रदूषणग्रस्ताला भरपाई आणि बिघडलेली मालमत्ता व पर्यावरण पूर्ववत करणे यांसाठीच्या या अर्जाची मुदत पाच वर्षांची आहे, आणि प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी हे तत्त्व लावणे कलम २० ने बंधनकारक केले आहे. राजस्थानातील बिछडी गावाच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हेच तत्त्व लावून दुरुस्तीचा खर्च कारखानदारांवर टाकला होता. हातपंप वापरणारी दोन-तीन कुटुंबे सहअर्जदार झाली तर हा केवळ कुंपणाचा तंटा आहे असे म्हणायला जागा उरणार नाही. पोलिसांत जाण्याने फारसे साधणार नाही. हातपंपाचे पाणी बिघडत राहिले तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा अर्ज करता येतो, आणि तो लवकर ऐकला जातो.

न्यायाधिकरणाकडे काय मागायचे हे आधीच ठरवावे. ‘कारखाना बंद करा’ ही मागणी जोरदार वाटते, आणि जल अधिनियमाच्या कलम ३३अ नुसार मंडळ बंदीचा किंवा वीज तोडण्याचा आदेश देऊ शकतेही. पण त्याने विहीर गोडी होत नाही. टाकीची गळतीतपासणी, द्रावणासाठी पक्की झाकलेली साठवण टाकी, कच्चा चर कायमचा बुजवणे, पाणी पूर्ववत होईपर्यंत पर्यायी पुरवठा आणि दर तीन महिन्यांनी कारखान्याच्या खर्चाने विहिरीची तपासणी, अशी मागणी मला अधिक उपयोगी वाटते.

आणि टँकर. ‘यापुढे कधीही दावा करणार नाही’ अशी सरसकट अट करार अधिनियमाच्या कलम २३ (बेकायदा उद्देशाचे करार) आणि २८ (न्यायालयात जाण्यास मनाई करणारे करार) पुढे टिकेल असे मला वाटत नाही, आणि मंडळाच्या अधिकाराला तर ती स्पर्शही करू शकत नाही. तरीही सही केलेला कागद समोर आला की आपण नुकसान मान्य किमतीला विकले असे चित्र उभे राहते. त्याऐवजी साधे पत्र द्यावे: ‘विहिरीचे पाणी वापरण्यायोग्य न राहिल्याने आपण देऊ केलेला टँकर तात्पुरती सोय म्हणून, माझे कोणतेही हक्क न सोडता, स्वीकारत आहे.’ मालकांनी हे पत्र घेऊन टँकर पाठवला तर तोच त्यांच्याविरुद्ध बोलेल. नाही पाठवला तर विकत घेतलेल्या प्रत्येक टँकरची पावती ठेवावी, कारण भरपाईचा आकडा त्या पावत्या, फळांची घटलेली विक्री आणि तपासण्यांचा खर्च यांवरूनच उभा करायचा आहे. न्यायाधिकरणात मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का शुल्क भरावे लागते, तेव्हा तो आकडा सिद्ध करता येईल तेवढाच लिहावा.