छताचा पंखा बसवताना आधी आधार तपासा

पंखा पहिल्यांदाच बसवणार असाल, तर तारांच्या आधी आधाराकडे पाहा. गोव्यातील जुन्या कौलारू घरात पंखा वाशाला टांगू नये, तो भक्कम तुळईलाच हवा. शिवाय किनाऱ्याजवळच्या गावांत खाऱ्या वाऱ्यामुळे लोखंडी हूक रंगाच्या थराखाली झिजलेला असू शकतो, म्हणून रंग खरवडून गंज किती खोल गेला आहे हे पाहिल्याखेरीज त्यावर विसंबू नका.

केवळ भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये ते कधीकधी फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडलेले असते आणि मग बटण बंद असूनही पंख्याच्या तारेत वीज राहते. मुख्य स्विच बंद करा, इन्व्हर्टर असल्यास तोही (हा हमखास विसरला जातो), आणि चालू सॉकेटवर आधी तपासून घेतलेल्या टेस्टरने खात्री करा.

दांडीच्या दोन्ही टोकांच्या बोल्टमध्ये स्प्लिट पिन (नट निसटू न देणारी दोन पायांची पिन) घालून तिचे पाय नीट फाकवा; माझ्या मते सर्वाधिक हलगर्जीपणा इथेच होतो, कारण पंखा पिनेशिवायही फिरतो आणि सततच्या कंपनाने नट हळूहळू सैल होत असल्याचे खालून कोणालाच दिसत नाही. पाती जमिनीपासून किमान 2.4 मीटर उंच ठेवा. अर्थिंगची हिरवी तार मोकळी सोडू नका. शिडी धरायला दुसरे माणूस घ्या, आणि तारांचे रंग जुळत नसतील तर अंदाज न करता परवानाधारक वायरमनला बोलवा.