रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते आणि घसा कोरडा पडतो. हा मधुमेह असेल की नुसता उकाडा?

मी डॉक्टर नाही. परंतु देवगडजवळच्या आमच्या घरी वडिलांच्या बाबतीत हाच प्रश्न पडला होता आणि आम्ही त्याचे उत्तर चुकीचे काढले होते.

वैशाखातले दिवस होते. वडिलांच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या पहाटेपर्यंत रिकामा होई आणि पडवीतला दिवा रात्रीतून चारदा लागे. उकाडा आणि जेवणातला खारा बांगडा यांच्यावर खापर फोडून आम्ही मोकळे झालो. वास्तविक घामावाटे पाणी गेले, तर लघवी कमी आणि गडद व्हायला हवी. त्यांना मात्र दर वेळी भरपूर आणि पाण्यासारखी होत होती. ही विसंगती आमच्या ध्यानातच आली नाही.

रक्तातील साखर दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. लघवीत उतरलेली साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते आणि म्हणून तहान लागते. त्यामुळे तांब्याच उचलून ठेवण्याचा आमच्या आजीचा उपाय अगदी उलटा होता. पुढे मोरीच्या कडेला आईला मुंग्यांची रांग दिसली, तेव्हा कुठे तपासणी झाली. आपण मुंग्यांची वाट पाहू नये. त्या न येताही साखर वाढलेली असू शकते.

रात्री तळपायांची आग होणे, जांघेत खाज सुटणे, खाणे नेहमीचे असूनही वजन उतरणे, यांपैकी काही जोडीला असेल, तर संशय बळावतो. उलट लघवी थोडी थोडी आणि बारीक धारेने होत असेल, तर पुरुषांमध्ये मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचा विचार करावा लागतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लघवी वाढते.

लक्षणांवरून निदान होत नाही, रक्त तपासावेच लागते. रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पाण्याखेरीज काही न घेता, म्हणजे सकाळचा चहासुद्धा टाळून, रक्त द्यावे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा अधिक आल्यास तो मधुमेह मानतात; बहुधा खात्रीसाठी डॉक्टर दुसऱ्यांदा तपासणी सांगतात. मात्र या तहानेसोबत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.